विहीर धरून

साताऱ्यात मी मराठी कागदांचं इंग्रजी करून देते. खरेदीखतं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं, जबाब, पंचनामे, फेरफाराचे उतारे. खालच्या कोर्टात मराठी चालते, पण राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीतून. त्यामुळे प्रकरण वर गेलं की त्यातला एकेक मराठी कागद इंग्रजी करून जोडावा लागतो. पूर्वी हे गठ्ठे मुंबईला जायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसायला लागलं आणि माझ्याकडची वर्दळ वाढली. कोल्हापूरची एसटी सकाळी धरली की माणूस रात्री घरी येतो; मग कशाला कोण माघार घेईल?

या कामात जुने फारसी शब्द अवघड असतील असं लोकांना वाटतं. दरोबस्त, बिलाकसूर, इमला, वहिवाट. पण त्यांचा अर्थ एकदा लागला की लागला, पुन्हा तो हलत नाही. वैताग आणतात ते साधे शब्द. भोवती, चौफेर, आत, सह, सकट, धरून, मिळून. इंग्रजीत यांच्यासाठी शब्दांची नुसती रेलचेल. एका अंगाला सराउंड, एन्क्लोज, एन्सर्कल, एन्कम्पास, बाउंड, रिंग, हेम इन. दुसऱ्या अंगाला इन्क्लूड, कंटेन, कम्प्राइज, कन्सिस्ट, एम्ब्रेस. मोबाइलवर समानार्थी म्हणून शोधलं की सगळे एका ओळीत हजर होतात, जणू कुठलाही उचला आणि लावा. गोष्ट लिहिणाऱ्याने तसं खुशाल करावं. जमिनीच्या कागदात मात्र चुकीचा शब्द बसला तर कुणाची तरी विहीर जाते. हे मी उगाच म्हणत नाही; विहिरीचं प्रकरण पुढे सांगते.

आधी चतुःसीमा. खरेदीखतात मिळकतीचं वर्णन येतं आणि त्याखाली चार ओळी: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमुक गट, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तमक्याची जमीन. इंग्रजीत याचा साचा ठरलेला आहे, ‘बाउंडेड ऑन ऑर टुवर्ड्‌स द ईस्ट बाय’. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं तिथे हटकून ‘सराउंडेड बाय’ लिहितात. इंग्रजी म्हणून त्यात खोट नाही. पण साताऱ्याच्या अंगाखांद्यावर अजिंक्यतारा आहे, यवतेश्वर आहे, डोंगरांनी शहर सराउंड केलंय असं कुणीही म्हणेल; म्हणून काही नगरपालिकेची हद्द डोंगरमाथ्याने ठरत नाही. सराउंड म्हणताना आपण उभे राहून चौफेर बघत असतो. बाउंड म्हणताना कुणाची मालकी कुठे संपली ते सांगत असतो.

मी या कामात नवी असताना एक ज्येष्ठ वकील होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. धोतर, काळा कोट, खिशात लाल पेन्सिल. एका ज्युनिअरच्या मसुद्यात त्यांना असंच ‘सराउंडेड’ दिसलं. कागद वर धरून ते म्हणाले, “अहो देशमाने, तुम्ही कुंपण घालताय की देखावा सांगताय?” ज्युनिअरचं आडनाव देशमाने नव्हतं, ज्याच्यावर चिडले त्याला ते याच नावाने हाक मारत, आणि का ते कुणाला ठाऊक नव्हतं.

सराउंड या शब्दाचा मूळ अर्थही गमतीचा आहे. लॅटिनमधल्या ‘सुपरउंडारे’पासून, म्हणजे वरून पाणी वाहणं, पूर येणं यापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यात ‘राउंड’ ऐकू येतं म्हणून लोक पुढे तो गोल वेढा घालण्याच्या अर्थाने वापरायला लागले. माहुलीच्या संगमाजवळच्या एका मळईच्या जमिनीचं काम आलं होतं तेव्हा मला हे आठवून हसू आलं, कारण त्या जमिनीला दोन्ही अर्थ लागू होते. भाषांतरात मात्र ‘बाउंडेड’च लिहिलं. नोंदणी कायद्याच्या, म्हणजे १९०८ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये आणखी एक शब्द आहे, ‘अबट’. एका अंगाने लगत असणं, भिडणं. रस्त्याला लागून असलेल्या घराचं वर्णन करायला याच्याइतका नेमका शब्द नाही. वेढायचं नाही, घेरायचं नाही, नुसतं चिकटून असायचं.

या चार ओळींना एवढं महत्त्व का, असं मुलं विचारतात. क्षेत्रफळाचा आकडा आणि चतुःसीमा यांचा मेळ बसत नसला तर कोर्टं सर्वसाधारणपणे चतुःसीमेच्या बाजूने झुकतात. आकडा लिहिताना शून्य इकडचं तिकडे होतं, पण ओढा कुठून वाहतो हे गावाला माहीत असतं. गुंठ्याचे आर करताना तर घोळ ठरलेलाच. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखेच, आणि या ‘जवळजवळ’मध्येच एखादी मोरी किंवा जिना अडकलेला असतो.

आता विहीर. वाईकडच्या एका घराण्याचं वाटणीपत्र माझ्याकडे आलं. मूळ मोडीत, सोबत बाळबोध लिप्यंतर. दोन भावांची वाटणी, दोघेही कधीच वारलेले, आता नातवंडांत दावा. त्यातलं वादाचं वाक्य असं: वाड्याभोवतालचे आवार विहीर धरून थोरल्याने घ्यावे, पाण्याची वहिवाट दोघांची सारखी राहील. धाकट्याच्या बाजूने आधीच एक इंग्रजी भाषांतर दाखल झालं होतं. त्यात होतं, ‘द यार्ड एन्क्लोजिंग द वेल’.

वाचताना पटकन खटकत नाही. विहीर आवाराच्या मधोमध आहे, आवार तिच्या चारही बाजूंनी आहे, मग आवार विहिरीला एन्क्लोज करतंच की. पण नीट बघा. एन्क्लोज करणाऱ्या वस्तूत एन्क्लोज झालेली वस्तू मोडेलच असं नाही. मेदूवडा भोकाला एन्क्लोज करतो. वडा तुम्हाला दिला म्हणून भोकही तुमच्या नावावर झालं का, यावर तुम्ही हसाल, पण भोकाच्या जागी पाण्याने भरलेली विहीर असेल तर हसणार नाही. त्या इंग्रजी वाक्यातून थोरल्याला मिळालं ते आवार, आणि विहीर मधे तशीच, कुणाचीच नाही किंवा दोघांची. मूळ मराठीत तसली फट नाही. ‘विहीर धरून’ म्हणजे विहीर आवाराच्या हिशेबात मोजलेली. आपण म्हणतो ना, मला धरून घरात सहा माणसं. मी त्या सहांच्या बाहेर नाही.

थोरल्याची नात माझ्यासमोर बसली होती. शाळेत शिक्षिका, गणित शिकवणारी. ती म्हणाली, “ताई, आमचं एवढंच म्हणणं आहे की आजोबांनी जे लिहिलंय ते तसंच इंग्रजीत यावं. जास्त नको, कमी नको.”

“पाण्याची वहिवाट दोघांची हेही तसंच येणार बरं का,” मी म्हणाले.

“येऊ दे की. पाणी आम्ही कुठे अडवलंय? काठावर त्यांनी मोटरीसाठी पत्र्याची खोली बांधली, त्याचं भांडण आहे.”

मी ‘द यार्ड अराउंड द वाडा, द वेल बीइंग इन्क्लूडेड देअरइन’ असं लिहिलं. ऐकायला बोजड, पण विहीर कुठे आहे याबद्दल शंका ठेवत नाही. वाडा शब्द तसाच ठेवला, त्याला हाउस म्हणवेना. दुसऱ्या अर्ध्या वाक्यात पाणी काढण्याचा हक्क दोघांचा, तो वेगळा, जमिनीच्या मालकीशी त्याची गाठ मारली नाही. पुढे कोर्टाने दोन्ही भाषांतरं बाजूला ठेवून मूळ कागदच वाचायला घेतला, आणि ते योग्यच होतं. शेवटी तडजोड झाली: विहीर थोरल्यांची, मोटरीच्या वेळा वाटून, पत्र्याची खोली दोन हात मागे. भाषांतराने कुणी जिंकलं असं नाही. पण ‘एन्क्लोजिंग’ तसंच राहिलं असतं तर तडजोडीला बसताना कोण कुठे बसलं असतं, हे सांगायला वकील लागत नाही.

त्यानंतर मी मराठीतले हे ‘आत घेणारे’ शब्द जरा निरखून बघायला लागले, आणि आपल्या दस्तलेखकांबद्दल आदर वाढला. ‘धरून’ म्हणजे बाकी गोष्टींत हीदेखील मोजली. यादी उघडी असते. ‘मिळून’ म्हणजे एवढ्याच गोष्टींची ही एक गोष्ट होते, यादी मिटली. घर, परसू आणि गोठा मिळून एक मिळकत, असं लिहिलं की चौथं काही त्यात घुसवता येत नाही. ‘वगैरे’ म्हणजे फाटक सताड उघडं. ‘सकट’ म्हणजे मुख्य गोष्टीला जे लागून आलं ते तोडायचं नाही, झाड मुळांसकट. ‘वजा’, ‘सोडून’, ‘खेरीज’ हे बाहेर काढणारे. सातबाऱ्यावरचा पोटखराबा बघा, तो एकूण क्षेत्रात असतो पण लागवडीच्या क्षेत्रात नसतो. एकाच वेळी आत आणि बाहेर. इंग्रजीत ‘इन्क्लूसिव्ह ऑफ पोटखराबा’ लिहून भागत नाही. कुठल्या आकड्यात इन्क्लूसिव्ह, ते सांगावं लागतं.

इंग्रजी कायद्यात हेच भांडण ‘मीन्स’ आणि ‘इन्क्लूड्‌स’ या दोन शब्दांवर शंभराहून जास्त वर्षं चाललंय. व्याख्येत ‘मीन्स’ आलं तर व्याख्या बंद. ‘इन्क्लूड्‌स’ आलं तर शब्दाचा नेहमीचा अर्थ राहतो आणि वर आणखी काही जोडलं जातं. प्रिव्ही कौन्सिलने डिलवर्थच्या प्रकरणात ते सांगून ठेवलंय आणि आपली कोर्टं अजून त्याचा आधार घेतात. ‘मीन्स अँड इन्क्लूड्‌स’ असं जोडीने आलं की पुन्हा व्याख्या बंद, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या कासिलिंगम प्रकरणात म्हटलं. राज्यघटनेचं कलम १२ ‘इन्क्लूड्‌स’वर उभं आहे. ‘राज्य’ या शब्दात सरकार, संसद, विधिमंडळं, स्थानिक संस्था आणि इतर प्राधिकरणं येतात, असं ते म्हणतं. त्या उघड्या फाटकातून वीज मंडळं, महामंडळं एकामागून एक आत आली आणि त्यांच्याविरुद्ध मूलभूत हक्क मागता यायला लागले. तिथे कुणी ‘कन्सिस्ट्‌स ऑफ’ लिहिलं असतं तर?

कोर्टाबाहेरचं एकच काम या जातीचं आलं. एका अवजार बनवणाऱ्या कारखानदाराला कोळप्याच्या पेटंटच्या अर्जासाठी मराठी टिपणांचं इंग्रजी हवं होतं. त्यांच्या पेटंट एजंटने फोनवर सांगितलं, “मॅडम, काहीही करा, कन्सिस्टिंग ऑफ लिहू नका. कम्प्रायझिंग लिहा.” पेटंटच्या दुनियेत ‘कम्प्रायझिंग’ म्हणजे हे भाग आहेतच, आणखीही असू शकतील; ‘कन्सिस्टिंग ऑफ’ म्हणजे एवढेच. कुणी त्या कोळप्याला एक जादा चाक लावून विकलं तर कन्सिस्टिंगवाला हात चोळत बसतो. आता गंमत अशी की व्याकरणाच्या पुस्तकांत कम्प्राइज म्हणजे पूर्ण वस्तू तिच्या भागांना कवेत घेते तो शब्द. खतात तो मी ‘मिळून’साठी वापरते, बंद म्हणून. पेटंटवाल्यांकडे तोच उघडा. एकाच शब्दाची दोन गावांत दोन लग्नं लागलेली. तेव्हापासून कुठल्या खात्याचा कागद आहे ते विचारल्याशिवाय मी शब्दाला हात लावत नाही.

थिसॉरस मी जवळ ठेवते, नाही असं नाही. तो रचणारा पीटर मार्क रॉजे पेशाने डॉक्टर, रॉयल सोसायटीचा बरीच वर्षं सचिव. १८५२ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्याने शब्द अकारविल्हे लावले नाहीत, कल्पनांप्रमाणे लावले. तिथे ‘भोवती असणं’ एका कप्प्यात, ‘कुंपण घालून बंद करणं’ जरा पुढच्या कप्प्यात, आणि ‘वर्गात समाविष्ट असणं’ कितीतरी मागे, पार वेगळ्या विभागात. मोबाइलच्या याद्यांनी ही घरं पाडून सगळ्यांना एका चाळीत आणून ठेवलं. एन्क्लोज आणि इन्क्लूड हे तसे सख्खे, दोघांच्या मुळाशी लॅटिनमधलं दार लावून घेणं. पण एकाने जमिनीचं दार लावलं, दुसऱ्याने हिशेबाचं. रॉजेला ते कळलं होतं.

खतांमधलं माझं सर्वांत आवडतं वाक्य ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह दरोबस्त’. जमीन विकताना तिच्यातलं पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेव, सगळ्यासह, काहीही मागे न ठेवता. इंग्रजी करताना मी इथे इन्क्लूडिंग वापरत नाही, ‘टुगेदर विथ’ वापरते. इन्क्लूडिंग म्हटलं की या वस्तू जमिनीचाच भाग आहेत असं गृहीत धरलं जातं, आणि गवत जमिनीचा भाग आहे का हाच मुळात वादाचा विषय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात उभं इमारती लाकूड, उभी पिकं आणि गवत स्थावरात धरत नाहीत. त्याच कायद्याचं कलम ८ घराच्या बाबतीत अगदी बारीक होतं: घर विकलं की कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या त्याच्याबरोबर गेल्या, वेगळं काही लिहिलं नसेल तर. माझ्या माहितीत एका गृहस्थाने घर विकून ताबा देण्याच्या आदल्या रात्री खिडक्यांचे सागवानी दरवाजे काढून नेले. सकाळी नव्या मालकाला घरात चौफेर हवा. निधी-निक्षेपाचं तर विचारूच नका. घेणारा खुशाल पुरलेल्या धनासह जमीन घेतो, पण १८७८ चा निखात निधीचा कायदा म्हणतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा. दस्तलेखक मात्र अजून निधीसह विकतायत.

कुंपणाबद्दल न लिहून चालणार नाही. इंग्रजीत कंपाउंड म्हणजे भिंतीच्या आतली मोकळी जागा. मलाय भाषेतल्या ‘कांपुंग’वरून तो शब्द आला म्हणतात. मराठीत आल्यावर त्याने घर बदललं. आपल्याकडे कंपाउंड म्हणजे ती भिंतच. पोरं कंपाउंडवर बसतात, कंपाउंडला रंग देतात, पावसात कंपाउंड पडतं. पंचनाम्यात ‘आरोपी कंपाउंडवरून उडी मारून पळाला’ असं असतं. त्याचं इंग्रजी ‘जम्प्ड ओव्हर द कंपाउंड’ झालं तर आरोपी थेट ऑलिंपिकला पाठवायच्या लायकीचा ठरतो, कारण त्याने अख्खं आवार एका उडीत पार केलं. तिथे ‘कंपाउंड वॉल’ लिहावं लागतं. आणि आपल्या ‘आवारा’साठी इंग्रजी वकिलांकडे एक सुंदर शब्द आहे, ‘कर्टिलेज’: घराला लागून असलेली, घराच्या वापरातली, घराबरोबर जाणारी जागा. परसू, अंगण, तुळशीची जागा, न्हाणीचं पाणी जातं तो कोपरा, सगळं त्यात बसतं. तो शब्द मला तात्यांनी दिला. वाचणाऱ्याला कळेल का अशी शंका मी काढली, तर ते म्हणाले, “न कळला तर शब्दकोश उघडतील. यार्ड लिहिलंस तर उघडणार नाहीत, आणि चुकीचं समजून मोकळे होतील.” विहिरीच्या कागदात मी मात्र यार्डच लिहिलं होतं, कारण समोरच्या भाषांतरातही यार्ड होतं आणि तिथे वाद आवाराचा नव्हता. नसतं भांडण कशाला ओढवून घ्या?

रत्नागिरीकडची कामं आली की गडगा येतो. चिऱ्यांचा किंवा नुसत्या धोंड्यांचा, चुना-सिमेंट न घालता रचलेला. त्याला फेन्स म्हटलं की तारा डोळ्यांपुढे येतात, वॉल म्हटलं की गिलावा. मी ‘ड्राय-स्टोन वॉल’ लिहून पुढे गडगा असं ठेवते. काटेरी फांद्यांची वई म्हणजे ‘ब्रशवुड फेन्स’; हेज म्हटलं की कापून केलेली हिरवी झुडपं उभी राहतात आणि बिचारी वई तर दर साली वाळून नवी करायची असते. दोघांच्या आयुष्यात फरक आहे. तीस वर्षांचा ताबा सिद्ध करायला गडगा कामाचा, वई नाही.

फ्लॅटवाल्यांचे कागद मला कंटाळवाणे वाटतात, पण एक गोष्ट सांगायला हवी. २०१६ च्या रेरा कायद्यातली कार्पेट एरियाची व्याख्या मी भिंतीला चिकटवून ठेवावी इतकी चांगली आहे. बाहेरच्या भिंतींखालची जागा धरायची नाही, डक्टची नाही, स्वतंत्र बाल्कनी आणि गच्ची नाही. पण आतल्या खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंती धरायच्या. कोणती भिंत आत आणि कोणती बाहेर, हे एका वाक्यात सांगितलंय. सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली जिना आणि लिफ्टही लोकांना चौरस फुटाने विकली गेली, त्यानंतर हे शहाणपण आलं.

‘घेराव’ शब्दाचं इंग्रजी कुणी मागितलं की मला हायसं वाटतं, कारण करावंच लागत नाही. १९६७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये घेरावांची लाट आली, प्रकरण कलकत्ता हायकोर्टात गेलं आणि जय इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात त्याची व्याख्याच झाली: वेढा घालून किंवा जागा बळकावून लोकांची जा-ये बंद करणं. शब्द ऑक्सफर्डच्या कोशातही गेला. सराउंडमध्ये कोंडणं नाही, ब्लॉकेडमध्ये माणसांचं कडं नाही. इंग्रजीला शेवटी आपलाच शब्द उसना घ्यावा लागला. गडाच्या वेढ्याला मात्र ‘सीज’ आहे, आणि जुन्या इंग्रजी इतिहासांत ‘इन्व्हेस्ट’. पन्हाळ्याच्या माहितीपत्रकाचं काम करताना मी ते टाळलं, नाहीतर सिद्दी जौहरने पन्हाळ्यात पैसे गुंतवले असं वाचलं गेलं असतं.

सध्या टेबलावर पडलेलं काम कोरेगावकडचं आहे. एका शेतकऱ्याची जमीन, चारही बाजूंनी दुसऱ्यांची, आणि वाट एका शेजाऱ्याने नांगरून टाकलेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज, तिथून प्रकरण वर वर चढत आता कोल्हापुरात. त्या कलमाचं इंग्रजी म्हणतं, दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या ‘बाउंडरीज’वरून जाण्याचा हक्क. इंग्रजी माणसाला बाउंडरी म्हणजे नकाशावरची रेघ, तिच्यावरून बैलगाडी कशी जाणार? आपल्याला बांध माहीत आहे. त्याला रुंदी असते, त्यावर गवत असतं, एखादं बोरीचं झाड असतं, आणि दोन्ही शेजाऱ्यांचे नांगर त्याला दर साली थोडं थोडं खात असतात. म्हणून मी भाषांतरात ‘बाउंडरी’ नुसता न ठेवता ‘बांध’ लिहून त्याचा अर्थ तळटीपेत दिलाय.

या जमिनीसाठी ‘लँडलॉक्ड’ लिहावं की ‘सराउंडेड ऑन ऑल साइड्‌स’, यावर मी बराच वेळ घालवला. तेव्हा मला दादरा-नगर हवेलीचा खटला आठवला. पोर्तुगालने तो १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध नेला होता. १९५४ मध्ये तो भाग पोर्तुगिजांच्या हातून गेला, त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते. पोर्तुगालचं म्हणणं: आमचे हे प्रदेश भारताच्या भूमीने वेढलेले आहेत, दमणहून तिथे जायला वाट द्या. न्यायालय त्या प्रदेशांना ‘एन्क्लेव्ह’ म्हणतं. त्या शब्दाच्या मुळाशी किल्ली आहे, बंद करून किल्ली काढून घेतलेली जागा. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, खासगी माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि सामानाला जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि हत्यारांना नाही. आणि भारताने १९५४ मध्ये जे केलं त्यात आपली जबाबदारी मोडली नाही. म्हणजे वेढलेला असणं ही नुसती भूगोलातली गोष्ट, आणि वाट असणं ही हक्काची. या दोन्ही वेगळ्या सांगाव्या लागतात.

मी तेच केलं. ‘सराउंडेड’ हा देखावा इथे हवाच होता, कारण तहसीलदारांच्या स्थळपाहणीत ते शब्दशः आहे. पुढच्या वाक्यात ‘लँडलॉक्ड, विदाउट एनी अदर ॲक्सेस’, कारण अर्जदाराचं मागणं तिथे आहे.

शेतकरी परवा आला होता, मुलाला घेऊन. मुलगा पुण्यात कंपनीत, इंग्रजी जाणणारा. तो मोबाइल काढून म्हणाला, “मॅडम, एन्कम्पास्ड कसं वाटतंय? जरा भारी वाटतंय.”

बापाने विचारलं, “त्यात वाट येती का?”

“येत नाही,” मी म्हणाले.

“मग नगं. आन् ते बांधाचं लिवलंय न्हवं? पूर्वेचा बांध. पश्चिमेच्यावर त्येनं बोअर मारलाय.”

पूर्वेचाच लिहिलाय, हे मी त्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवलं. नकाशातल्या खुणांची सूची अजून व्हायची आहे. ती झाली की गठ्ठा गुरुवारी वकिलांकडे जाईल.